मौलवीची छडी आणि मुलाचा सवाल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. चाळीस वर्षे मकतबात मुलांना कायदा आणि सिपारे शिकवले, एवढीच माझी कमाई. 'दीनी तालीम आणि शिस्त' या विषयावर बोला असे चिटणीससाहेबांनी सांगितले तेव्हा शिस्तीबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगून मोकळे व्हावे, असाच माझा विचार होता. पण लिहायला बसलो तेव्हा जी गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती तीच पुढे येऊन उभी राहिली. तेव्हा तीच सांगतो. तीत माझी फजिती आहे. आपण ती ऐकून घ्यावी.

गोष्ट १९८६ च्या पावसाळ्यातली. कोकणात खाडीकाठच्या एका गावी मी मौलवी होतो. वय सत्तावीस. मराठी शाळेत सातवी पास होऊन मदरशात गेलेलो. नाजरा पक्का, तजवीद बऱ्यापैकी, काही पारे पाठ, अरबी व्याकरणाची दोन पुस्तके अर्धवट. उर्दू चांगले वाचता येई. या भांडवलावर सहा वर्षे शिकवत होतो आणि खरे सांगायचे तर स्वतःला फार मोठा समजत होतो. फजरनंतर मशिदीच्या पडवीत चटया अंथरायच्या, चाळीस-बेचाळीस मुले रिहल पुढे घेऊन डोलत बसायची आणि सगळ्यांचा आवाज एकदम चालायचा. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की या गलक्यात कोण वाचतो आहे आणि कोण नुसते ओठ हलवतो आहे हे ओळखणे हीच मौलवीची अर्धी विद्या.

या बेचाळीसांत एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. वडील जहाजावर नोकरीला. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी. घरी आई, एक लहान बहीण आणि म्हातारी आजी. हा मुलगा म्हणजे माझ्या डोक्याला रोजचा ताप. वजूच्या हौदात बेडूक सोडणे, सगळ्यांच्या चपला एकत्र बांधून ठेवणे हे तर किरकोळ. त्याचा खरा गुण निराळाच होता. मला आयत सुरू करण्याआधी घसा खाकरण्याची सवय होती. हा पोरगा माझ्यासारखे खाकरून, माझ्याच आवाजात, माझ्याच चालीत अशी आयत म्हणे की बाहेर बसलेल्या बायकांना मीच शिकवतो आहे असे वाटावे. उच्चारही बरोबर! मुले तोंडात टोपी कोंबून हसत. मी त्याला उभा केला, कोपऱ्यात बसवला, कान धरले. काही उपयोग झाला नाही.

त्या महिन्यात मोठ्या मुलांचा शेवटचा पारा चालला होता आणि सबक होता सूरह अबसाचा. एके दिवशी तीन-चार वेळा आयती म्हणवून घेतल्यावर या मुलाने हात वर केला आणि विचारले, "मौलवीसाब, याचा अर्थ काय?"

मी म्हटले, "आधी वाचायला शीक. अर्थ मागून."

तो म्हणाला, "अब्बांचं पत्र आलं की आई म्हणते, नुसतं वाचू नको, काय लिहिलंय ते सांग."

मुले हसली. आज मला दिसते की त्या वाक्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. गावात कितीतरी आया मुलांकडून पत्रे वाचून घेत. पण त्या वेळी मला वाटले, हा माझी टर उडवतो आहे. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यावरून त्याने जे ताडायचे ते ताडले. तो हळूच, अगदी साधेपणाने म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

मंडळी, मला खरोखरच माहीत नव्हते.

निरगुडीची छडी माझ्या बाजूला असे. तळहातावर किती मारल्या ते मोजले नाही. शेवटची मनगटावर बसली आणि बांगडीसारखा वळ उठला. मुलगा रडला नाही. त्याने रिहल मिटली, सिपारा जुजदानात घातला, डोळ्यांना लावला आणि पावसात निघून गेला. सिपारा डोळ्यांना लावायचे त्याला मीच शिकवले होते.

त्या रात्री झोप येईना. कंदील लावून शाह अब्दुल कादिर यांचा उर्दू तर्जुमा काढला. दिल्लीच्या या बुजुर्गांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेला हा तर्जुमा तोपर्यंत मी फक्त बरकतीसाठी फडताळात ठेवला होता. सूरह अबसा उघडली, आणि खालचा तफसीरचा मजकूरही वाचला.

आपल्यापैकी अनेकांना ती हकीकत ठाऊक असेल. मक्केत हजरत पैगंबर (स.) कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत होते. हे लोक मानले तर सारी मक्का मानेल, अशी आशा होती. इतक्यात एक अंध गृहस्थ, हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मकतूम, आले आणि मध्येच म्हणू लागले की, मला शिकवा. आपल्या वर्गाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी व्यत्यय आणला. हुजुरांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी तोंड वळवले. एवढेच. ना शब्द, ना स्पर्श. आणि ज्याच्याकडे पाहून ती आठी आली त्याला तर ती दिसलीही नाही. तरीसुद्धा वरून कानउघाडणी आली, की जो स्वतःहून धावत शिकायला आला त्याच्याकडे दुर्लक्ष आणि जो बेपर्वा आहे त्याच्या मागे लागणे, असे का? ती कानउघाडणी कुरआनात कायमची राहिली. पुढे हुजूर या सहाबींचा फार आदर करीत. मदिनेत ते अजान देत, आणि हुजूर बाहेरगावी जात तेव्हा मदिना त्यांच्यावर सोपवीत.

बेचाळीस आयतींची ही सूरह मी सहा वर्षांत किती वेळा म्हणवून घेतली असेल! आणि जिच्यात आठीबद्दल कानउघाडणी आहे ती शिकवताना मी एका मुलाच्या मनगटावर वळ उठवला होता, तो सुद्धा त्याने अर्थ विचारला म्हणून. माझा शागीर्द तर डोळस होता.

आपल्याला वाटेल, दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी धावत गेलो असेन. नाही गेलो. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही, आणि मला बरेच वाटले. वर्ग कसा शांत झाला! एका पालकाने तर, "मौलवीसाहेब, आता खरी शिस्त आली," अशी शाबासकी दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की त्या वर्गात कोणीच काही विचारीत नाही. माझा हात पान उलटायला उचलला तरी पुढचा लहान मुलगा दचके. ज्याला मी शांतता म्हणत होतो ती भीती होती, आणि ती मीच पेरली होती. मग मनाने उलट टोक गाठले. आपण या कामाच्या लायकीचे नाही. अर्थ येत नाही, राग आवरत नाही, मग कुठल्या तोंडाने अल्लाहचा कलाम शिकवायचा? मुंबईला मामाचे दुकान होते, तिथे हिशेब लिहायला जावे असे ठरवले. जमातीला द्यायची चिठ्ठीही लिहिली.

ती चिठ्ठी खिशात घालून मी तरीतून खाडीपलीकडे माझ्या उस्तादांकडे गेलो. ते फार म्हातारे झाले होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "बेटा, त्याच्या घरी गेला होतास?" मी म्हटले, नाही. म्हणाले, "मग इथवर कशाला आलास? त्याचं घर जवळ होतं." मी चिठ्ठी दाखवली. ती न वाचता त्यांनी पानाच्या डब्याखाली ठेवली आणि म्हणाले, "इमाम गझालींची जीभ बंद पडली होती. तुझी तर चालते आहे. जा, शिकव."

त्या वेळी मला हे वाक्य नीट कळले नाही. मागाहून वाचले. इमाम गझाली १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुदर्रिस झाले. त्यांच्याएवढा नावाजलेला शिक्षक त्या काळी क्वचितच असेल; तीनशे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकत. १०९५ साली त्यांनी स्वतःची झडती घेतली आणि त्यांना दिसले की आपले शिकवणे अल्लाहसाठी नसून नावलौकिकासाठी आहे. या ओढाताणीत एके दिवशी वर्गात जीभ हलेनाशी झाली. अन्न गिळवेना. हकिमांनी हात टेकले. तेव्हा ते बगदाद सोडून निघाले, वर्षानुवर्षे फिरले आणि ११०६ च्या सुमारास पुन्हा निशापूरला शिकवू लागले. हे सारे त्यांनी स्वतःच 'अल-मुनकिज' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. कुठे इमाम गझाली आणि कुठे खाडीकाठचा मी! पण एवढा मोठा माणूस आपली शंका लपवत नाही, लिहून ठेवतो, हे वाचून माझ्यासारख्या लहान माणसाला फार आधार वाटला. विद्यार्थ्यांशी बापाच्या मायेने वागावे आणि त्यांची चूक चारचौघांत उघडी न पाडता आडून सुचवावी, असे त्यांनीच आपल्या 'इह्या'मध्ये शिक्षकांना सांगितले आहे.

परतल्यावर त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई दाराच्या पडद्याआड उभी राहिली. मी तक्रार घेऊन आलो अशीच तिची समजूत. मी बोलण्याआधीच ती म्हणाली, "मौलवीसाहेब, चामडी तुमची, हाडं आमची. अजून मारा, पण पोराला सोडू नका. त्याचे अब्बा इथं नाहीत." मी माफी मागायला आलो होतो आणि ती माऊली मला मागू देईना. आजवर मला कुणी दिलेल्या शिव्यांपेक्षा ती परवानगी जास्त लागली. मुलगा अंगणात बसला होता. मनगटावर हळद. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अर्थ सांगायला आलात?"

मी तिथेच पायरीवर बसून त्याला इब्ने उम्मे मकतूम यांची हकीकत सांगितली. आजी माजघरातून ऐकत होती. ऐकून झाल्यावर पोराचा सवाल तयार, "मग त्या आंधळ्या माणसाला राग आला होता का?" मी म्हटले, "मला माहीत नाही." सहा वर्षांत शागीर्दापुढे हे तीन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. आभाळ कोसळले नाही. पोरगा म्हणाला, "मला आला असता." आणि दुसऱ्या दिवशी तो मकतबात आला.

त्या दिवशी मी वर्गासमोर सांगितले की, याने अर्थ विचारला, तो मला येत नव्हता आणि मी याला मारले. चूक माझी होती. ही बातमी दुपारपर्यंत जमातीत पोचली. रात्री इशानंतर मला बोलावणे आले. एक वडीलधारे म्हणाले, "मौलवी पोरापुढं चूक कबूल करू लागला तर उद्या त्याच्या मागं नमाजला कोण उभं राहील?" दुसऱ्यांनी हदीस काढली, की सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न पढला तर मारा. ही हदीस आपल्याकडे प्रत्येक घरात पाठ असते. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज सांगतो. ती हदीस नमाजेबद्दल आहे, तीन वर्षे गोडीने सांगून झाल्यानंतरची आहे, आणि फिकह जाणणाऱ्यांनी तिला अटी घातल्या आहेत. तोंडावर नाही, वळ उठेल असे नाही, रागाच्या भरात नाही. मौलवीला कोडे पडले म्हणून मुलाला मारावे, असे कोणत्याही किताबात नाही.

दुसरी एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ती मात्र घराघरात पाठ नाही. मुआविया इब्ने हकम नावाचे सहाबी नवीनच मुसलमान झाले होते. जमातीची नमाज चालू असताना कुणाला तरी शिंक आली आणि हे मोठ्याने दुआ देऊन मोकळे झाले. लोक डोळे वटारू लागले, तर हे नमाजेतच विचारतात, माझ्याकडे असे काय पाहता? लोकांनी मांड्यांवर हात मारून गप्प केले. याहून मोठा व्यत्यय कोणता! नमाज झाल्यावर हुजुरांनी त्यांना नमाजेत आपसातले बोलणे चालत नाही, एवढे सांगितले. ते सहाबी पुढे सांगत की असा शिकवणारा मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. ते ना रागावले, ना मारले, ना टाकून बोलले.

आणि हे नवे विचार आहेत असेही कोणी समजू नये. इब्ने खलदून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माराने मूल खोटे बोलायला शिकते, मनात एक नि वर एक असे वागते, आळशी होते आणि हीच त्याची सवय बनते, असे ते सांगतात. त्याच प्रकरणात खलिफा हारून रशीद यांनी शहजाद्याच्या शिक्षकाला केलेला उपदेश आहे. त्यात अखेरचा उपाय म्हणून सक्तीला जागा ठेवली आहे, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी सोयीचे तेवढेच सांगितले असे होईल. पण आधी जवळीक, मग गोडी, आणि ते दोन्ही संपल्यावर सक्ती, असा तो क्रम आहे. माझा क्रम उलटा होता.

जमातीने मला काढले नाही. एक म्हातारे तांडेल इतका वेळ गप्प होते. ते शेवटी म्हणाले, "मौलवीला जे येत नाही ते तो शिकायला तयार आहे ना? मग बस झालं." छडी खिळ्याला टांगावी असे ठरले. माझा हात कधी खिळ्याकडे गेलाच नाही असे नाही. पुढच्या वर्षांत दोनदा मी मुलांवर हात उचलला. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि दोन्ही मुलांची नावे मला आठवतात.

त्या मुलाचे म्हणाल तर तो काही वली झाला नाही. नकला चालूच राहिल्या. उलट माझे खाकरणे बंद झाले म्हणून त्याने माझी नवी लकब शोधून काढली. पण रोज एक सवाल ठरलेला. त्याच्यामुळे रात्री तर्जुमा वाचून येणे मला भाग पडले. त्याचा कुरआन एक वर्ष उशिरा खतम झाला. मग तो मामाकडे मुंबईला गेला. दोनेक वर्षांनी एक पोस्टकार्ड आले. सलाम नाही, खुशाली नाही. फक्त एका आयतीचा अर्थ विचारलेला. मला तो विचारून यावा लागला, म्हणून उत्तर पाठवायला तीन आठवडे लागले.

आता थोडे आपल्या कामाचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास मनाई केली. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्यातून वगळल्या. काही लोक याचा अर्थ आपल्याला मोकळीक मिळाली असा घेतात. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे अशा कोणाचीही क्रूरता गुन्हा मानतो, तो भाग निराळा. मला विचाराल तर मकतबात मुलाच्या अंगाला हात लावताना पोलिसाची आठवण यावी लागत असेल तर आधीच बरेच काही बिघडलेले आहे.

पालकांना एक विनंती. "चामडी तुमची" हे वाक्य मौलवीला पुन्हा ऐकवू नका. त्याच्या हातून काय होऊ शकते ते त्यालाच ठाऊक नसते. घरी आल्यावर "किती पारे झाले?" असे विचारता, त्याबरोबर "आज काय कळलं?" हेही विचारा. आणि मौलवीला पगार देताना त्याला किताबांसाठीही काही द्या. चाळीस मुलांवर एक माणूस, ना प्रशिक्षण, ना पुस्तके, मोलमजुरीहून कमी पगार, आणि अपेक्षा मात्र फरिश्त्याची, हा हिशेब जमणारा नाही. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी हे तोंडावर बोलल्याबद्दल माफ करावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आता घरी जाऊन मौलवीसाहेबांच्या नकला करायला मोकळे झालात, असे मात्र समजू नका. बेडूक हौदात सोडणे ही खोडीच आहे आणि तिची शिक्षा म्हणून हौद घासायला मी आजही लावीन. पण सवाल ही खोडी नव्हे. तो विचारताना हात वर करा, उस्तादांचे बोलणे पुरे होऊ द्या, आणि 'माहीत नाही' असे उत्तर आले तर हसू नका.

संस्थेच्या परवानगीने आपल्या मकतबात दर शनिवारी असरनंतर अर्धा तास अर्थाचा वर्ग सुरू होतो आहे. तर्जुमा उर्दू आणि मराठी दोन्हींतून वाचला जाईल. पालकांसाठी मागे दोन बाके ठेवली आहेत. पहिला सबक सूरह अबसाचा आहे. मी पुस्तके घेऊन वेळेवर हजर असेन.